आमची वाटचाल : धावेपासून ट्रॉलीपर्यंत

आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. आमच्या बिलबुकावर ‘स्थापना १९७३’ असं छापलंय. प्रेसवाल्यानं विचारलं, आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंदाजानं सांगून टाकलं आणि तेच पुढं चालू राहिलं. खरं तर त्या साली नारळ फुटला नव्हता की पाटी लागली नव्हती. दुष्काळी कामावर टिकाव आणि पहारी बोथट होत होत्या आणि त्या शेवटून, म्हणजे तापवून परत टोक काढून, द्यायला जवळपास कुणी नव्हतं. स्थापना म्हणायची तर तीच.

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं, सोलापूर-मंगळवेढा रस्त्यावर, कामतीच्या अलीकडं. काळी जमीन, मालदांडी ज्वारी आणि पावसाचा भरवसा नाही. आज्जा गावचा लोहार. वर्षभर फाळ, फास, खुरपी, विळे करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं, असा हिशोब. बहात्तरला पिकलंच नाही, तर बलुतं कोण आणि कशाचं देणार? सरकारनं कामं काढली. आख्खं गाव रस्त्यावर खडी फोडायला आलं. सुकडी मिळायची, रेशनला मिलो यायचा, त्या तांबड्या ज्वारीच्या भाकरीला आज्जी शेवटपर्यंत नावं ठेवायची. आज्जानं ऐरण आणि भाता गाडीत घातला आणि मस्टरच्या जागेजवळ एका लिंबाखाली भट्टी मांडली. एका टिकावाला पाच पैसे. आयुष्यातली पहिली रोख कमाई.

त्र्याहत्तरला पाऊस झाला, कामं बंद पडली, लोक आपापल्या रानात गेले. आज्जा गेला नाही. आज्जी म्हणाली, गाव काय म्हणंल? त्यावर तो जे बोलला ते आमच्या घरात अजून सांगतात : “गावात सूप पुढं करून उभारावं लागतंय. हितं माणूस आपणहून खिशात हात घालतंय.” सूप म्हणजे खळ्यावर धान्य मागायचं. लोकांना बलुतेदारीची फार गोड आठवण येते हल्ली. आमच्या घरात ती कुणाला येत नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावचे सुतार तात्या येऊन मिळाले. आज्जानं त्यांना सांगितलं, लाकूड तुझं, लोखंड माझं, पाणी दोघांचं. भागीदारीचा कागद म्हणाल तर एवढाच. आणि तिथून आमचा खरा धंदा सुरू झाला : बैलगाडीची चाकं.

चाक कसं व्हायचं ते सविस्तर सांगतो, कारण आज आमच्या शेडमधल्या निम्म्या पोरांनी ते पाहिलेलं नाही. तात्या बाभळीचं लाकूड आणून वर्ष-दीड वर्ष वाळत ठेवायचे. ओल्या लाकडाचं चाक केलं तर पहिल्याच उन्हाळ्यात खुळखुळा होतो. मध्ये तुंबा, म्हणजे चाकाचा गड्डा, त्यात बारा आरे, आऱ्यांवर सहा पुट्ठ्या, म्हणजे कडेचे गोलाईचे तुकडे, एका पुट्ठीत दोन आरे. खिळा कुठं नाही. सगळं एकमेकांत ठोकून बसवलेलं. बसवून झालं की तात्या एकेका आऱ्यावर हातोडीच्या दांड्यानं टिचकी मारायचे आणि कान लावायचे. घट्ट बसलेला आरा टण्ण वाजतो, सैल असला की बद्द वाजतो. बद्द वाजला की चाक परत खोलायचं. गिऱ्हाईक बाजूला बिडी ओढत बसलेलं असायचं, त्याला घाई असायची, तात्यांना नसायची.

मग आज्जाचं काम. चाकाचा घेर दोरीनं मोजायचा आणि लोखंडी पट्टीची धाव त्यापेक्षा दोन बोटं कमी करायची. चाकापेक्षा धाव लहान, तरी ती त्यावर चढवायची. लहानपणी मला ही जादूच वाटायची. गोवऱ्यांचा गोल रचून त्यात धाव पुरायची आणि पेटवायचं. लाल झाली की फुगते. चौघांनी चार बाजूंनी सांडशीनं उचलायची, दगडावर आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकायची आणि घणानं खाली बसवायची. लोखंड लागलं की लाकूड पेट घ्यायचं, सगळ्या कडेनं जाळ. “पाणीऽऽ!” असं आज्जा ओरडला की आम्ही पोरं डबे घेऊन धावायचो. चर्रर्र करून वाफ उठायची आणि त्या वाफेत चाकाच्या सांध्यांचा कडकड आवाज यायचा. धाव आकसताना सगळे आरे आत दाबले जायचे त्याचा तो आवाज. मग परत तात्यांची टिचकी. आता बाराही टण्ण वाजायचे.

तो दगड लक्षात ठेवा, पुढं येणार आहे. चार फुटांचा गोल, घडवून घेतलेला, मधोमध तुंबा बसायला भोक. वडारवस्तीतून करून आणला होता.

गर्दीचे दिवस ठरलेले. येळवसच्या आधी आठ दिवस श्वास घ्यायला फुरसत नसायची. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी घरातली झाडून सगळी माणसं गाडीत बसून रानात जाणार, ज्वारीत कडब्याचा कोप करून पूजा होणार, भज्जी, उंडे आणि आंबील. गाडी करकरत नेली तर गावात चर्चा. मग सोलापूरची गड्ड्याची जत्रा आणि तिथला जनावरांचा बाजार. त्याआधी पंढरपूरची कार्तिकी. उन्हाळ्यात लाकूड आटायचं, धाव सैल व्हायची. लोक गाडी ओढ्यात नेऊन चाकं भिजवत ठेवायचे. तेवढ्यावर भागलं नाही की आमच्याकडं यायचे.

आमच्यामुळं गाड्या थांबायच्या आणि गाड्या थांबायच्या म्हणून बाकीचे आले.

पहिले आले नालबंद चाचा. बैलाच्या पायाला पत्री मारायचे. खिलार बैल खाली पाडणं हे बघण्यासारखं काम. दोरीचे दोन फेरे पायातून घेऊन असा एक हिसका द्यायचे की एवढं धूड शांतपणे कुशीवर यायचं. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, बैलाला आठ, जोडीला सोळा. त्या पत्र्या आज्जा करून द्यायचा, धावेच्या उरलेल्या तुकड्यांतून. आमच्याकडं भंगार असं काही उरायचंच नाही. चाचांचे पैसे आज्जाकडं कधी रोख आले नाहीत आणि आज्जानं कधी मागितले नाहीत. ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा, त्यात सगळं मिटलं.

मग आव्वाचं हॉटेल. आव्वा कन्नड घरातली, मराठी तिच्या पद्धतीनं बोलायची. गाडीवान भाकरी घरनंच बांधून आणायचा, कडक भाकरी, दोन दिवस टिकणारी. आव्वा फक्त कालवण विकायची : तुरीची आमटी, वर लालभडक कट, बाजूला शेंगाचटणीचा गोळा. भाकरी चुरून आमटीत बुडवायची आणि खाली पोत्यावर बसून खायची. टेबल-खुर्ची नव्हती. कुणी पैसे नाहीत म्हणाला की ती म्हणायची, “आसू द्या की ओ, बैल तरी हिकडंच येतंय की.” बैल यायचाच.

सायकलवाल्या मामाकडं पाच काळ्या सायकली होत्या, पंचवीस पैसे तास. मी कैची मारून तिथंच शिकलो, गुडघ्यावर खूण आहे. मामाचं घड्याळ कायम बंद. वेळ तो एसटीवर मोजायचा. मंगळवेढा गाडी गेल्यावर नेलीस आणि सांगोला गाडी यायच्या आत आणलीस, म्हणजे एक तास. एसटी लेट झाली की आमचा फायदा. पंक्चरसाठी त्याच्याकडं जी पाण्याची घमेली होती, त्यात उन्हाळ्यात चिमण्या अंघोळ करायच्या आणि मामा त्यांना हाकलायचा नाही, पंक्चरवाल्याला म्हणायचा, थांब जरा.

लिंबाखाली न्हावी होता, आठवड्यातून दोन दिवस. दिवाळीच्या आधी कल्हईवाला येऊन महिनाभर पाल ठोकायचा. नवसागराचा तो वास आणि काळं पातेलं एका हातात पांढरंशुभ्र होणं, त्यासाठी शाळा बुडवलेली आहे. उन्हाळ्यात कुणा व्यापाऱ्याच्या नावानं पाणपोई लागायची, दोन रांजण आणि वर ओलं लाल फडकं. नव्वदनंतर पिवळा एसटीडी बूथ आला, त्याला लागून कॅसेट भरून देणारा आला. ते दोघं दहा वर्षांत येऊन गेलेही. कल्हईवाल्याची आठवण काढणारे पुष्कळ भेटतात, एसटीडीवाल्याची कुणी काढत नाही. त्याच्या काचेच्या खोपट्यात लोक रडायचे, पोरगी पसंत पडल्याचं सांगायचे, पल्स मोजत मोजत. त्यालाही घर होतं.

रात्रीचं एक सांगतो आणि पुढं जातो. सोलापूरच्या मार्केट यार्डात सकाळच्या सौद्याला पोचायचं म्हणून गाड्या रात्री निघायच्या, दहा-दहा, पंधरा-पंधराची रांग. आसाखाली कंदील टांगलेला. पुढच्या गाडीवर एक जण जागा, मागचे सगळे झोपलेले. बैलांना रस्ता पाठ. आमच्या पालापाशी आल्या की न सांगता उभ्या राहायच्या, कारण तिथं हौद होता. लोखंडी धावा खडीवरून जाताना जो आवाज व्हायचा तो लांबून यायचा, वाढायचा, थांबायचा, परत सुरू होऊन कमी कमी होत जायचा. आज्जा झोपेतच सांगायचा, तिसऱ्या गाडीचं डावं चाक बोलतंय. सकाळी ती गाडी परतताना आमच्याकडंच यायची.

धंदा बदलला तो दोन गोष्टींनी, डांबर आणि पाणी. रस्ता डांबरी झाला आणि लोखंडी धावेचं नशीब फिरलं. धाव डांबर कापत जाते, आणि गुळगुळीत डांबरावर पत्री मारलेला बैल घसरतो. दुसरं, १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, पुढच्या काळात कालव्यांना पाणी सुटत गेलं आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. आज सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. माझ्या आज्जाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. ऊस वाहायला लाकडी चाक पुरेना. त्या गाडीत टनभर घातलं की बैलांची जीभ बाहेर. टायरगाडीत दोन-अडीच टन सहज.

आण्णांनी १९८६ला वेल्डिंग मशीन घेतलं. आज्जाचा विरोध नव्हता, तात्यांचा होता. पहिली टायरगाडी उभी राहिली, जुन्या ट्रकच्या टायरवर, भंगारातल्या आसावर आणि बेअरिंगवर. तात्यांनी चाकाभोवती फेरी मारली, टायरवर टिचकी मारली, आणि म्हणाले, “ह्याला आरंच न्हाईत. फिरतंय कशाच्या जिवावर?” आण्णा म्हणाले, हवेच्या. तात्या दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

पुढची काही वर्षं साटी, म्हणजे गाडीचा वरचा सांगाडा, लाकडाची होती तोवर तात्यांना काम राहिलं. मग साटीलाही पत्रा आला. ते खुरप्याच्या मुठी, पाळणे, दारं करत बसायचे. मुलगा भोसरीला कंपनीत लागला होता. आण्णा दर महिन्याला तात्यांचा वाटा काढून ठेवायचे आणि तात्या तो घ्यायचे नाहीत, म्हणायचे, चाक केलं की देजा. चाक काही होईना. शेवटी आई ते पैसे त्यांच्या घरी धान्याच्या रूपानं पोचवायला लागली. बलुतंच झालं की ते, असं मी एकदा बोललो आणि आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा बोललो नाही.

टायरगाड्यांच्या काळात आम्ही एकदा पार बुडालो होतो. एका कारखान्यानं तोडणीच्या टोळ्यांसाठी चाळीस गाड्या घेतल्या आणि दोन हंगाम पैसे दिले नाहीत. लोखंडवाल्यानं उधारी बंद केली. आण्णा परत ऐरणीवर बसले. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून ऊसतोडीचे कोयते करायला लागले. पाट्याचं पोलाद चिवट, धार धरतं. बीडकडच्या टोळ्या यायच्या, एकेक मुकादम पन्नास-पन्नास कोयते न्यायचा, रोख. ज्या कारखान्यानं पैसे अडकवले होते, त्याच्याच टोळ्यांच्या पैशांवर आमची चूल चालली. पैसे पुढं आले, थोडे कापून. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, जी माणसं तेव्हा होती ती आता नाहीत.

मी सोलापूरच्या आयटीआयमधून फिटर होऊन २००० साली धंद्यात आलो. तोवर आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करायला लागलो होतो. इथं आमची स्वतःची एक चूक सांगायची आहे, कारण ‘आमची वाटचाल’मध्ये लोक फक्त मानपत्रं छापतात.

२००७च्या हंगामात आमची एक भरलेली ट्रॉली बेगमपूरच्या पुलाच्या अलीकडं चढावर सुटली. हुकाचं वेल्डिंग गेलं होतं. रात्रीची वेळ, मागं वाहन नव्हतं, ट्रॉली मागं जाऊन कडेच्या चारीत कलंडली. ड्रायव्हर ट्रॅक्टरवर, त्याला काही झालं नाही. आम्ही बॅटऱ्या घेऊन गेलो तेव्हा ऊस सगळा रस्त्यावर आणि भीमेकडून वारा येत होता. आण्णांनी तुटलेला हुक हातात घेतला, तुटलेल्या जागी आत बारीक बारीक छिद्रं होती. वेल्डिंगचे रॉड ओलसर होते. पावसाळ्यात शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली खोकी, तीच आम्ही दिवाळीनंतर वापरली होती. ओल्या रॉडनं वेल्डिंग वरून छान दिसतं, आतून पोकळ होतं. ते वेल्डिंग मी केलेलं होतं.

आण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, “तात्या असते तर वाजवून सांगितले असते.”

ट्रॉली परत घेतली, उसाचं नुकसान भरून दिलं. त्या हंगामात विकलेल्या अकरा ट्रॉल्यांच्या मालकांकडं मी स्वतः गेलो आणि प्रत्येक हुक कापून नवा बसवला. दोघा-तिघांनी शिव्या घातल्या, हंगामात गाडी उभी केली म्हणून. तेव्हापासून हुकाचे रॉड आमच्याकडं भट्टीत भाजून काढल्याशिवाय कुणी हातात धरत नाही, आणि सांध्यावर लाल डाय, म्हणजे चिरेत शिरणारा रंग, मारून चीर तपासतो. ते झालं तरी गाडी बाहेर पडायच्या आधी मी हातोडीनं हुकावर एकदा वाजवतो. त्यानं काही कळतं असा माझा दावा नाही.

मागं रिफ्लेक्टर लावल्याशिवाय आम्ही ट्रॉली देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, लावतो की घरी जाऊन. लावत नाही, आम्हाला माहीत आहे.

सांगली-सोलापूर रस्त्याचं, म्हणजे आमच्याच रस्त्याचं, चौपदरीकरण कोरोनाच्या थोडं आधी सुरू झालं. आमची जागा निम्मी गेली. आम्ही आधीच चिंचोळी एमआयडीसीत प्लॉट घेतला होता, त्यामुळं आमचं निभावलं. यात हुशारी थोडी आणि योगायोग जास्त. आमच्या हातात लोखंड होतं, त्याला कुठलाही आकार देता येतो. नालबंद चाचांच्या हातात बैल होता. आव्वाच्या हातात ती जागा होती, कारण लोक तिच्या आमटीसाठी नाही, बैल दमला म्हणून थांबायचे. चाचांचा नातू सोलापुरात मोटारसायकलच्या शोरूममध्ये आहे. आव्वा रस्ता व्हायच्या कितीतरी आधी गेली. तिच्या चुलीच्या जागेवरून आता दुभाजक जातो, त्यात कण्हेर लावली आहे. सायकलवाल्या मामाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. एक दिवस तो दिसला नाही आणि आम्हीही विचारलं नाही, हंगाम चालू होता. लिंब तोडायला आले त्या दिवशी मी मुद्दाम सोलापुरातच थांबलो.

दगड मात्र जेसीबी लावून उचलून आणला.

दोन वर्षांपूर्वी हायवेच्या एका नव्या हॉटेलचा मालक आला. त्याला गावाकडचं वातावरण करायचं होतं. बारा बैलगाडीची चाकं हवी होती, दारात आणि भिंतीवर टांगायला. खरी चाकं मिळत नाहीत, मिळाली तर वाळवी लागलेली असतात. मी म्हणालो, लोखंडी पाइपची करून देतो, रंग लाकडाचा मारतो. त्यानं फोनमध्ये चित्र दाखवलं, त्यातल्या चाकाला आठच आरे होते. मी म्हणालो, बारा असतात. तो म्हणाला, आठच करा, हलकी होतील, बघणाऱ्याला काय कळतंय? आठ आऱ्यांची बारा चाकं केली, जीएसटी लावून बिल केलं, पैसे वेळेवर आले. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. तिथं आता चुलीवरची आमटी मिळते, थाळी तीनशे रुपये. आमटी वाईट नाही. कट आव्वासारखा येत नाही.

डिलिव्हरी घ्यायला आला तेव्हा त्याची नजर दगडावर गेली. हा काय आहे, विचारलं. सांगितलं. म्हणाला, हा देऊन टाका, वर काच टाकून टेबल करतो, लोक फोटो काढतील, बोला किती? आण्णा तेव्हा शेडमध्ये खुर्चीवर बसलेले होते, वय ऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं, पण हे ऐकू आलं. म्हणाले, “त्यो वापरात हाय.”

ते खरंच आहे. दुपारी पोरं त्याच्याभोवती डबे उघडून बसतात. मधल्या भोकात, जिथं तात्यांचा तुंबा बसायचा, तिथं पाण्याचा वीस लिटरचा जार बरोब्बर बसतो. कुणाचा धक्का लागला तरी हलत नाही.